फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (२३ ऑक्टोबर, इ.स. १८६८ – ८ मार्च, इ.स. १९४६) हे इंग्लंडमधील यंत्र-अभियंते, मोटारगाड्यांचे रचनाकार, संशोधक आणि लेखक होते. ब्रिटनमधील आरंभीच्या संपूर्ण स्वदेशी मोटारगाड्यांपैकी एक गाडी त्यांनी तयार केली. मोटारगाडीच्या तबकडी ब्रेकचे (डिस्क ब्रेक) पेटंट त्यांनी इ.स. १९०२ मध्ये घेतले. इंजिनातील कंपने कमी करणारी संतुलन-यंत्रणा व क्रँकशाफ्टचा अवमंदक, विमानाच्या पंखाला मिळणाऱ्या उचलीची मीमांसा आणि युद्धातील बलाबलाचे गणिती नियम ही त्यांची इतर महत्त्वाची कामे होत.

यंत्र कंप का पावते आणि ते कंपन कसे थांबवावे, हा प्रश्न त्यांच्या अभियांत्रिकी कार्यात वारंवार येतो. इंजिनाच्या व विमानाच्या बाबतीत त्यांनी त्याची समाधानकारक उत्तरे शोधली. मात्र त्यांच्याच तबकडी ब्रेकमधून उठणारा कर्कश आवाज त्यांच्या काळात आटोक्यात आला नाही. अशा आवाजाचे आधीच अनुमान करण्याचे शास्त्र त्यांच्या निधनानंतर विकसित झाले. त्याचा गणिती पाया आणि लँचेस्टर यांनी इ.स. १९१६ मध्ये विमानाच्या शेपटीच्या कंपनांविषयी मांडलेली कल्पना यांत जवळचे नाते आहे.

जन्म, कुटुंब आणि शिक्षण

लँचेस्टर यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील हेन्री जोन्स लँचेस्टर हे वास्तुविशारद होते. आई ऑक्टेव्हिया या लॅटिन व गणित शिकवीत असत. आठ भावंडांमध्ये फ्रेडरिक चौथे होते. ते एक वर्षाचे असताना हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन परिसरात राहावयास गेले. थोरले बंधू हेन्री व्हॉन लँचेस्टर यांनी वडिलांप्रमाणे वास्तुविशारदाचा व्यवसाय स्वीकारला. धाकटे बंधू जॉर्ज आणि फ्रँक हे पुढे फ्रेडरिक यांच्या मोटार-उद्योगात सहभागी झाले. बहीण एडिथ ही समाजवादी कार्यकर्ती होती. प्रसिद्ध चित्रपट-अभिनेत्री एल्सा लँचेस्टर ही एडिथ यांची कन्या होय.

शालेय शिक्षणानंतर फ्रेडरिक यांना साउदॅम्प्टन येथील हार्टली संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली. तेथून ते दुसऱ्या शिष्यवृत्तीवर लंडनमधील केन्झिंग्टन येथे विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी गेले. तेथील अभ्यासक्रमात प्रत्यक्ष अभियांत्रिकीला फारसे स्थान नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी ते फिन्सबरी येथील तांत्रिक विद्यालयाच्या सायंवर्गांना जात. मात्र कोणतीही पदवी वा प्रमाणपत्र न घेताच त्यांचे शिक्षण संपले.

बर्मिंगहॅममधील सुरुवात

इ.स. १८८८ मध्ये लँचेस्टर यांनी पेटंटविषयक आकृत्या काढणारे आरेखक म्हणून आठवड्याला तीन पौंड वेतनावर काम सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्मिंगहॅमजवळच्या सॉल्टली येथील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीने त्यांना साहाय्यक कार्यशाळा-व्यवस्थापक म्हणून नेमले. कर्मचाऱ्याने लावलेल्या कोणत्याही शोधावर कंपनीचा हक्क राहील, असे एक कलम त्यांच्या करारपत्रात होते. स्वाक्षरी करण्यापूर्वी लँचेस्टर यांनी ते कलम खोडून टाकले. त्या वेळी ते जेमतेम वीस वर्षांचे होते.

हा निर्णय त्यांच्या हिताचा ठरला. गॅस इंजिनाचा वेग स्थिर राखणारा लंबक-नियामक त्यांनी तयार केला व त्यावर त्यांना स्वामित्वधन मिळू लागले. इ.स. १८९० मध्ये त्यांनी इंजिन आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्याचे हक्क क्रॉस्ली या प्रसिद्ध इंजिन-कंपनीने तीन हजार पौंडांना विकत घेतले. या पैशामुळे त्यांना स्वतंत्र प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली. इ.स. १८९३ मध्ये त्यांनी व्यवस्थापकपद सोडले व त्या जागी बंधू जॉर्ज यांची नेमणूक झाली. पुढील वर्षी फ्रेडरिक यांनी स्वतःचे पेट्रोल इंजिन बसवलेली नौका ऑक्सफर्ड येथे पाण्यात उतरवली.

पहिली मोटारगाडी

लँचेस्टर यांनी पहिली मोटारगाडी इ.स. १८९५ मध्ये बांधावयास घेतली आणि इ.स. १८९६च्या सुरुवातीला ती रस्त्यावर धावली. त्या काळच्या बहुतेक गाड्या म्हणजे घोडागाडीच्या सांगाड्यावर बसवलेले इंजिन असे. लँचेस्टर यांनी सांगाडा, इंजिन, गिअर, कमानी (स्प्रिंग) आणि आसने यांचा एकत्रित विचार केला. गाडीचा एक भाग हलला की त्याचा परिणाम दुसऱ्या भागावर होतो, म्हणून कोणताही भाग सुटा धरून चालत नाही, ही त्यांची पुढील सर्व कामांतील भूमिका येथूनच दिसू लागते.

पहिल्या गाडीत एकच सिलिंडर होता. एका सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्या पुढेमागे होताना सारी गाडी थरथरते. या अनुभवानंतर त्यांनी दोन सिलिंडरचे नवे इंजिन रचले. त्यात दोन क्रँकशाफ्ट आणि त्यांवरील दोन जडचक्रे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. प्रत्येक दट्ट्या दोन्ही क्रँकशाफ्टना जोडलेला असे. एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूच्या ओढीने नाहीशी होई व इंजिन आश्चर्य वाटावे इतके शांत चाले. या इंजिनाच्या गाडीला इ.स. १८९९ मध्ये रिचमंड येथील मोटार-प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

इ.स. १८९९च्या डिसेंबरमध्ये लँचेस्टर इंजिन कंपनीची स्थापना झाली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागातील कारखान्यात गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. तेथे प्रत्येक भाग ठरावीक मापाचा बनवला जाई, जेणेकरून कोणत्याही गाडीचा भाग त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीला बसावा. कारागिराने कानशीने घासून भाग जुळवण्याच्या त्या काळात ही पद्धत नवीन होती. इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग हे या गाडीच्या आरंभीच्या ग्राहकांपैकी एक होते.

तबकडी ब्रेक आणि त्याचा आवाज

विसाव्या शतकाच्या आरंभी गाडीचा वेग वाढू लागला. पण ती थांबवण्याची साधने घोडागाडीच्या काळातीलच होती. फिरत्या ढोलावर बाहेरून आवळला जाणारा पट्टा किंवा चाकाच्या धावेवर दाबला जाणारा ठोकळा हेच प्रमुख ब्रेक होते. पट्ट्याच्या आत चामडे, लाकूड किंवा सुती कापड यांचे अस्तर असे. लांब उतारावर ते तापून करपे आणि पकड सुटे.

लँचेस्टर यांनी इ.स. १९०२ मध्ये वेगळ्या रचनेचे पेटंट घेतले. फिरत्या भागाला धातूची एक पातळ तबकडी जोडावी आणि ती दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरावी, असे तिचे स्वरूप होते. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असल्यामुळे आसावर अकारण भार येत नाही. तबकडी उघड्या हवेत फिरत असल्यामुळे लवकर निवते. आजच्या मोटारगाड्यांतील डिस्क ब्रेकचे मूळ तत्त्व हेच आहे.

अडचण होती ती घर्षण करणाऱ्या पदार्थाची. उष्णतेत टिकेल आणि तबकडीला फार ओरखडणार नाही असा पदार्थ म्हणून त्यांना तांब्याचा आधार घ्यावा लागला. त्या काळचे रस्ते कच्चे व धुळीचे होते. उघड्या तबकडीवर धूळ बसे आणि तांबे लवकर झिजे. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे तांबे धातूच्या तबकडीवर घासले गेले की तीव्र, कर्णकर्कश आवाज उठे. ज्या अभियंत्याने इंजिनाची थरथर नाहीशी करण्यासाठी इतके परिश्रम घेतले होते, त्याचीच गाडी थांबताना किंचाळत असे.

या आवाजाचे कारण समजण्यासाठी झांजेचे उदाहरण उपयोगी पडते. झांज वाजवून मोकळी सोडली तर तिचा नाद बराच वेळ टिकतो आणि कडेला बोट लावले की थांबतो. धातूच्या पातळ तबकडीत कंपन जिरवण्याची शक्ती अशीच अल्प असते. ब्रेक लावल्यावर तबकडीला दोन्ही बाजूंनी जे स्पर्श करते, ते बोटाप्रमाणे नाद थांबवील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही परिस्थितींत तो स्पर्शच फिरत्या तबकडीच्या गतीतून ऊर्जा घेऊन कंपनाला पुरवत राहतो. सारंगीच्या तारेवर गज ओढला असता तार जशी सतत वाजत राहते, तशी तबकडीही वाजू लागते.

पुढील काही वर्षांत हर्बर्ट फ्रूड या इंग्लिश उद्योजकाने ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तरे प्रचारात आणली. फ्रूड यांनी स्थापन केलेली फेरोडो ही कंपनी ब्रेकच्या अस्तरांसाठी जगप्रसिद्ध झाली. ही अस्तरे उष्णतेत टिकत आणि धातूपेक्षा कमी आवाज करीत. ॲस्बेस्टॉसची धूळ आरोग्यास घातक असल्याचे पुढे सिद्ध झाल्याने अनेक देशांनी त्याचा वापर बंद केला. दरम्यान, धूळ आत जाऊ न देणारे बंदिस्त ढोल-ब्रेक (ड्रम ब्रेक) लोकप्रिय झाले आणि तबकडी ब्रेक मोटारगाड्यांतून जवळपास अर्ध्या शतकासाठी मागे पडला.

क्रँकशाफ्टची कंपने

लँचेस्टर यांच्या गाड्यांना मागणी असूनही खेळत्या भांडवलाच्या अभावी कंपनी इ.स. १९०४ मध्ये अडचणीत आली. तिची पुनर्रचना होऊन लँचेस्टर मोटार कंपनी अस्तित्वात आली. फ्रेडरिक हे तिचे रचनाकार व सल्लागार राहिले, पण कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती राहिली नाहीत. इ.स. १९०९ पासून ते डेमलर कंपनीचेही तांत्रिक सल्लागार झाले आणि कालांतराने लँचेस्टर गाड्यांच्या रचनेची जबाबदारी जॉर्ज यांच्याकडे गेली.

त्या सुमारास सहा सिलिंडरची इंजिने प्रचारात येत होती. त्यांचा क्रँकशाफ्ट लांब असे. सिलिंडरमधील प्रत्येक स्फोटाने तो किंचित पिळला जाई व पुन्हा सुटे. ठरावीक वेगाला या पिळण्याची लय आणि शाफ्टची स्वाभाविक वारंवारता एक झाली की अनुनाद होऊन इंजिन खडखडू लागे. प्रसंगी शाफ्ट तुटेही. डेमलरच्या इंजिनांतील ही अडचण लँचेस्टर यांनी एका साध्या उपायाने सोडवली. शाफ्टच्या टोकाला त्यांनी एक लहान जडचक्र बसवले. ते शाफ्टला पक्के न जोडता घर्षणाच्या तबकड्यांमार्फत जोडलेले होते. शाफ्ट एकसारखा फिरत असताना चक्र त्याच्याबरोबर फिरे. शाफ्ट थरथरू लागला की जडत्वामुळे चक्र त्या थरथरीत भाग घेत नसे. दोहोंमध्ये घसरण होई आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाई.

कंपनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही रचना लँचेस्टर अवमंदक या नावाने शिकवली जाते. ब्रेकमध्ये जे घर्षण कंपन निर्माण करीत होते, तेच येथे कंपन शमवण्यासाठी वापरलेले दिसते. घर्षण कंपनाला ऊर्जा देईल की त्याची ऊर्जा काढून घेईल, हे ते रचनेत कोठे व कसे कार्य करते यावर अवलंबून असते.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने उद्भवणारे कंपनही त्यांनी हाताळले. त्यासाठी दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध दिशांना फिरणारी वजने वापरण्याची कल्पना त्यांनी मांडली. जपानच्या मित्सुबिशी कंपनीने याच तत्त्वाची सुधारित रचना इ.स. १९७५च्या सुमारास आपल्या गाड्यांत आणली. आज अनेक कंपन्यांच्या चार सिलिंडर इंजिनांत असे संतुलन-शाफ्ट आढळतात.

उड्डाणविषयक संशोधन

इ.स. १८९०च्या दशकातच लँचेस्टर पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करू लागले होते. समुद्रावर पंख न हलवता तरंगणारे पक्षी आणि स्वतः बनवलेली लहान विमानरूपे यांच्या निरीक्षणातून त्यांनी पंखाला उचल कशी मिळते याचा विचार केला. पंखाभोवती हवेचे अभिसरण निर्माण होते आणि पंखाच्या दोन्ही टोकांपासून मागे भोवरे निघत जातात, हे त्यांचे प्रतिपादन होते. इ.स. १८९४ मध्ये त्यांनी आपले विचार बर्मिंगहॅम येथील एका अभ्यासमंडळासमोर मांडले. त्यानंतर यावरील त्यांचा निबंध वैज्ञानिक वर्तुळात नाकारला गेला. मानवी उड्डाणाचा विषय त्या वेळी अनेक विद्वानांना गंभीर वाटत नव्हता.

पुढे इ.स. १९०७ व १९०८ मध्ये त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले. उड्डाणातील स्थैर्याची चर्चा करताना विमानाच्या वरखाली होणाऱ्या दीर्घ हेलकाव्यांना त्यांनी दिलेले फ्युगॉइड हे नाव आजही रूढ आहे. त्यांची मांडणी गणिताच्या रूढ भाषेत नव्हती व ती समजण्यास अवघड होती. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील लुडविग प्रांट्ल यांनी याच कल्पनांना पुढे सुटसुटीत गणिती रूप दिले. त्यामुळे श्रेयाचा मोठा वाटा प्रांट्ल यांच्याकडे गेला. तथापि पंखाचा हा सिद्धान्त आता अनेक ग्रंथांत दोघांच्या नावाने ओळखला जातो. इ.स. १९०९ मध्ये ब्रिटिश शासनाने स्थापन केलेल्या विमानविद्या सल्लागार समितीवर लँचेस्टर यांची नेमणूक झाली.

विमानाच्या शेपटीची कंपने

पहिल्या महायुद्धाच्या काळात हँडली पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची शेपटी उड्डाणात भयंकर रीतीने पिळली जाऊ लागली. विमान हवेतच मोडण्याचा धोका होता. या प्रश्नाचा अभ्यास लँचेस्टर यांच्याकडे आला. त्यांचा अहवाल इ.स. १९१६चा असून, विमानाच्या फडफडीच्या (फ्लटर) कारणमीमांसेचा तो सर्वांत जुना लेख मानला जातो.

अशा वेळी प्रथम संशय इंजिनाच्या धडधडीवर जातो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्के देत राहिले की झोका वाढत जातो, तसा हा अनुनाद असावा असे वाटते. लँचेस्टर यांनी ही शक्यता बाजूला सारली. बाहेरून कोणीही तालात धक्के देत नसून, शेपटीची हालचालच वाऱ्याच्या एकसारख्या प्रवाहातून ऊर्जा खेचून घेत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे स्वयंउत्तेजित कंपन होते. विमानाच्या मागील धडाचे पिळणे आणि डाव्या-उजव्या उच्चालकांचे (शेपटीच्या आडव्या हलत्या फळ्यांचे) परस्परविरुद्ध फडफडणे या दोन हालचाली एकमेकींना खतपाणी घालीत होत्या. दोन्ही उच्चालक स्वतंत्रपणे हलू शकत होते, हे त्याचे मूळ होते. ते एका भक्कम नळीने परस्परांना जोडावेत, असा उपाय त्यांनी सुचवला. लेनर्ड बेअरस्टो व आर्थर फेज यांनी याच प्रश्नाचे गणिती विश्लेषण केले.

इंजिन बदलणे वा सारे धड जड करणे टाळून, दोन हालचालींमधील दुवा शोधून तो तोडणे हे या उपायाचे सार होते.

युद्धविषयक गणित

इ.स. १९१४ मध्ये लँचेस्टर यांनी विमानांच्या युद्धातील उपयोगावर लेखमाला लिहिली व इ.स. १९१६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दूरवर मारा करणारी शस्त्रे वापरणाऱ्या सैन्याचे बल त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. त्यानुसार इतर गोष्टी समान असता दुप्पट संख्येचे सैन्य चौपट बलवान ठरते. कार्यसंशोधन या ज्ञानशाखेच्या पूर्वसूरींमध्ये त्यामुळे त्यांची गणना होते.

उत्तरायुष्य आणि निधन

इ.स. १९१९ मध्ये लँचेस्टर यांचा विवाह डोरोथिया कूपर यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते. काही वर्षे लंडनमध्ये राहून हे दांपत्य इ.स. १९२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोझली भागात स्वतः बांधलेल्या घरी राहावयास आले. इ.स. १९२५ मध्ये लँचेस्टर यांनी स्वतःची संशोधन-प्रयोगशाळा सुरू केली. तेथे ध्वनिक्षेपक व रेडिओ यांवर काम होई. या ध्वनिक्षेपकांचा दर्जा चांगला होता, परंतु जागतिक मंदीच्या काळात त्यांचा व्यापार जमला नाही. डेमलरबरोबरचा सल्लागारपदाचा करारही याच काळात संपला. लँचेस्टर मोटार कंपनी इ.स. १९३१ मध्ये डेमलरच्या मालक-समूहात विलीन झाली.

पुढे त्यांना कंपवाताने (पार्किन्सन रोग) ग्रासले आणि दृष्टीही अधू झाली. इ.स. १९३४ मध्ये प्रयोगशाळा बंद करावी लागली. तरीही त्यांचे लेखन थांबले नाही. सापेक्षता आणि परिमाणांचा सिद्धान्त या विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली. टोपणनावाने कविताही लिहिल्या.

इतकी पेटंटे नावावर असूनही त्यांतून त्यांना स्थायी संपत्ती लाभली नाही. बऱ्याच कल्पना पेटंटची मुदत संपल्यानंतर उपयोगात आल्या. अखेरच्या वर्षांत त्यांना आर्थिक ओढगस्त सोसावी लागली आणि स्वतःच्या घरात राहता यावे यासाठी मोटार-व्यवसायातील स्नेही मंडळींचे साहाय्य घ्यावे लागले. ८ मार्च, इ.स. १९४६ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले.

ब्रेकच्या आवाजाचे पूर्वानुमान

लँचेस्टर यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, इ.स. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉप तबकडी ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. इ.स. १९५५ मध्ये सित्रोएन कंपनीच्या डीएस गाडीत हे ब्रेक सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले. लँचेस्टर यांची कल्पना जगभर पसरली आणि तिच्याबरोबर आवाजाचा जुना प्रश्नही परत आला.

ब्रेकच्या आवाजाचे स्थूलमानाने दोन वर्ग करतात. तबकडीची जाडी सर्वत्र सारखी नसेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पायाला आणि सुकाणूला जाणवणारा हादरा बसतो. यात कंपनाला बाहेरून ताल मिळतो, त्यामुळे त्याचे कारण शोधणे तुलनेने सोपे असते. दुसरा वर्ग साधारणतः एक हजार हर्ट्झच्या वरच्या किंचाळीचा. हे कंपन स्वयंउत्तेजित असते. म्हणजे विमानाच्या त्या शेपटीच्या जातीचे.

ब्रेकच्या किंचाळीवरील आरंभीचे पद्धतशीर संशोधन एच. आर. मिल्स यांनी इ.स. १९३८च्या सुमारास ब्रिटनच्या मोटार-अभियंता संस्थेसाठी केले. लँचेस्टर हे पूर्वी याच संस्थेचे अध्यक्ष होते. त्या वेळी सर्व भर घर्षणाच्या गुणधर्मावर होता. घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होते, त्यामुळे अस्तर क्षणभर चिकटते व पुन्हा सुटते, अशी उपपत्ती होती. गजाने वाजणाऱ्या तारेची मीमांसाही याच तत्त्वावर आधारलेली आहे. या तारवाद्यांच्या सिद्धान्तावर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा प्रबंध इ.स. १९१८ मध्ये कोलकाता येथून प्रसिद्ध झाला होता.

ब्रेकच्या बाबतीत ही उपपत्ती अपुरी पडली. सारख्याच पदार्थाच्या दोन ब्रेकपैकी एक किंचाळे आणि दुसरा शांत राही. इ.स. १९६१ मध्ये आर. टी. स्पर यांनी दाखवले की घर्षण वेगानुसार मुळीच बदलले नाही, तरी केवळ स्पर्शाच्या कोनामुळे कंपन उद्भवू शकते. इ.स. १९७०च्या दशकात एम. आर. नॉर्थ यांनी तबकडी ब्रेकचे गणित विमानाच्या फडफडीच्या धर्तीवर मांडले. तबकडी व गद्द्या (ब्रेक पॅड) यांना कंपनाच्या निरनिराळ्या स्वाभाविक रीती असतात. घर्षण या रीतींना एकमेकींशी जोडते. घर्षण वाढत गेले की दोन रीतींच्या वारंवारता जवळ येतात, एका टप्प्यावर एकरूप होतात आणि त्यानंतर कंपन आपोआप वाढू लागते. विमानात जे कार्य वाऱ्याचे, ते येथे घर्षणाचे. मागील धडाच्या व उच्चालकांच्या हालचालींची जोडी लँचेस्टर यांनी इ.स. १९१६ मध्ये ओळखली होती; तशीच जोडी आता ब्रेकमध्ये शोधली जाऊ लागली.

आज नव्या गाडीचा ब्रेक प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी संगणकावर त्याचे प्रतिरूप बनवतात. तबकडी, गद्द्या व त्यांना धरणारा कॅलिपर यांचे हजारो लहान घटकांत विभाजन करून त्यांच्या कंपनरीतींचे गणित मांडले जाते. त्या गणिताच्या संमिश्र उत्तरांतील वास्तव भाग धन आला तर ती रीत अस्थिर ठरते व त्या वारंवारतेला आवाज होण्याचा संभव असतो. मग गद्दीच्या कडा तिरप्या कापणे, तीत खाच पाडणे, तिच्या पाठीवर रबराचा थर असलेला पातळ पत्रा बसवणे किंवा तबकडीचा आकार बदलणे, अशा उपायांनी त्या दोन रीती परस्परांपासून दूर नेल्या जातात.

तरीही हे अनुमान पूर्णपणे खात्रीचे नसते. गणिताने अस्थिर ठरवलेली प्रत्येक रीत प्रत्यक्षात ऐकू येत नाही आणि काही वेळा गणितात न आलेला आवाज रस्त्यावर उमटतो. घर्षण हे तापमान, दमटपणा, दाब व झीज यांनुसार बदलते. पावसाळी सकाळी किंचाळणारा ब्रेक दुपारी गप्प असतो, तो यामुळेच. अवमंदन वाढवले म्हणजे आवाज थांबेलच असेही नाही. चुकीच्या जागी वाढवलेले अवमंदन प्रसंगी अस्थैर्य वाढवते. म्हणून संगणकीय गणिताच्या जोडीला चाचणीयंत्रावर निरनिराळ्या तापमानांत व दाबांत ब्रेकची दीर्घ परीक्षा घ्यावीच लागते.

भारताशी संबंध

लँचेस्टर गाड्यांना भारतीय संस्थानिकांकडून चांगली मागणी होती. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी हे या गाड्यांचे मोठे ग्राहक होते. अलवरच्या महाराजांसाठी इ.स. १९२४ मध्ये राजेशाही घोडागाडीच्या आकाराची लँचेस्टर गाडी तयार करण्यात आली. जोधपूरच्या उमेद भवन राजवाड्याचा आराखडा थोरले बंधू हेन्री व्हॉन लँचेस्टर यांचा आहे. पूर्वी उल्लेखिलेले रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईतील जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला होता.

सन्मान आणि स्मारके

बर्मिंगहॅम विद्यापीठाने इ.स. १९१९ मध्ये लँचेस्टर यांना सन्माननीय पदवी दिली. इ.स. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. इ.स. १९२६ मध्ये रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचे सुवर्णपदक, इ.स. १९३१ मध्ये अमेरिकेतील डॅनियल गुगेनहाइम पदक आणि इ.स. १९४५ मध्ये, निधनाच्या आदल्या वर्षी, यंत्र-अभियंता संस्थेचे जेम्स वॉट पदक त्यांना मिळाले.

कॉव्हेंट्री येथील तंत्रशिक्षण संस्थेला लँचेस्टर यांचे नाव देण्यात आले. पुढे तिचेच कॉव्हेंट्री विद्यापीठ झाले व त्याच्या ग्रंथालयाला आजही त्यांचे नाव आहे. कार्यसंशोधनातील उत्कृष्ट लेखनासाठी अमेरिकेत लँचेस्टर पारितोषिक दिले जाते. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या पहिल्या मोटारगाडीचे स्मारकशिल्प उभारण्यात आले आहे.